स्टाव्हांगरचे नॉर्वेजियन पेट्रोलियम संग्रहालय : भेट देण्यापूर्वी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे संग्रहालय नेमके कशाचे आहे, आणि ते स्टाव्हांगरमध्येच का उभारले गेले?

समुद्रतळाखालच्या तेलाचा आणि वायूचा शोध कसा लागला, तो बाहेर कसा काढला जातो, त्यासाठी माणसांनी काय किंमत मोजली आणि त्यातून आलेल्या पैशाचे एका लहान देशाने काय केले, या चार गोष्टी हे संग्रहालय सांगते. २० मे १९९९ रोजी राजे हाराल्ड पाचवे यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जागा स्टाव्हांगरची निवडली जाणे स्वाभाविक होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या गावाचा चरितार्थ डबाबंद सार्डिन माशांवर चालत असे. तो धंदा उतरणीला लागला त्याच सुमारास उत्तर समुद्रात तेल सापडले. १९७२ मध्ये नॉर्वेच्या संसदेने सरकारी तेल कंपनी स्टॅटऑइल (आजची इक्विनॉर) आणि पेट्रोलियम संचालनालय या दोन्ही संस्थांचे मुख्यालय येथे आणण्याचा निर्णय घेतला, आणि तेव्हापासून स्टाव्हांगर ही नॉर्वेची तेलराजधानी झाली.

इमारत बंदराच्या पाण्यात उभी असल्यासारखी का दिसते?

ती तशी दिसावी असाच वास्तुरचनाकारांचा हेतू होता. जमिनीकडचा भाग दगडी आहे आणि तो नॉर्वेच्या किनाऱ्यावरील कातळाची आठवण करून देतो. पाण्याकडच्या बाजूला धातूचे दंडगोल आहेत, जे लांबून प्लॅटफॉर्मवरच्या टाक्यांसारखे भासतात. तिकीट काढून लगेच आत शिरण्याऐवजी आधी धक्क्यावरून पाच-दहा मिनिटे चालत जावे आणि इमारत पाण्याच्या बाजूने पाहून घ्यावी. मधल्या मोठ्या खिडक्यांतून आतूनही बंदर दिसत राहते, आणि ज्या समुद्राबद्दल वाचत आहोत तो समोरच असणे ही या संग्रहालयाची मोठी जमेची बाजू आहे.

तेलाच्या धंद्यातले काहीच कळत नसेल, तर येथे काही समजेल का?

समजेल. फक्त आत जाण्यापूर्वी दोन-तीन गोष्टी ठाऊक असल्या की प्रदर्शने पुष्कळ अधिक बोलू लागतात.

पहिली गोष्ट भूगर्भाची. उत्तर समुद्रातील बहुतेक तेलाचे मूळ सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेल्या, सूक्ष्म जीवांच्या अवशेषांनी भरलेल्या काळ्या चिखलात आहे. त्यावर थरांमागून थर चढले, उष्णता आणि दाब वाढला, त्यातून तेल आणि वायू तयार झाला आणि तो वरच्या सच्छिद्र खडकांत जाऊन अडकला. तेल जमिनीखाली तळ्यासारखे साठलेले असते हा समज चुकीचा आहे. ते दगडाच्या बारीक छिद्रांत मुरलेले असते. येथे मांडलेले खडकाचे नमुने त्यासाठीच जवळून पाहावेत.

दुसरी गोष्ट रिग आणि प्लॅटफॉर्म यांतल्या फरकाची. रिग विहीर खोदते आणि पुढच्या जागी निघून जाते. प्लॅटफॉर्म मात्र जागीच राहून वर्षानुवर्षे उत्पादन करतो. उथळ पाण्यात जॅक-अप रिग आपले पाय समुद्रतळावर टेकवून स्वतःला पाण्याच्या वर उचलून धरते. खोल पाण्यात अर्धवट बुडालेली, नांगरांच्या साखळ्यांनी किंवा तारांनी जागी धरलेली तरंगती रिग वापरावी लागते. संग्रहालयातील मोठ्या प्रतिकृती पाहताना प्रत्येकीपाशी हा एकच प्रश्न मनाशी विचारावा: ही तळाला टेकली आहे की तरंगते आहे? पुढे अपघातांच्या दालनात या प्रश्नाचे महत्त्व कळते.

तिसरी गोष्ट दाबाची. विहीर खोदताना पाइपांतून सतत जड चिखल खाली सोडला जातो. तो बिट (खडक फोडणारे टोक) थंड ठेवतो, फुटलेला खडक वर आणतो आणि मुख्य म्हणजे आपल्या वजनाने खालच्या तेल-वायूला दाबून धरतो. हा तोल बिघडला की विहीर उसळते, आणि त्यालाच ब्लोआउट म्हणतात. २२ एप्रिल १९७७ रोजी उत्तर समुद्रातील एकोफिस्क या तेलक्षेत्रातील ब्राव्हो प्लॅटफॉर्मवर असेच घडले आणि विहीर बंद होईपर्यंत सुमारे आठवडाभर तेल समुद्रात उडत राहिले. सुदैवाने त्यात कोणी दगावले नाही.

नॉर्वेला तेल सापडले हा केवळ नशिबाचा भाग नव्हता का?

सापडण्यात नशिबाचा वाटा होता हे खरेच आहे. फेब्रुवारी १९५८ मध्ये नॉर्वेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने परराष्ट्र खात्याला लेखी कळवले होते की, नॉर्वेच्या किनाऱ्यालगतच्या सागरी खंडमंचावर (किनाऱ्यापासून पुढे पसरलेल्या समुद्रतळावर) कोळसा, तेल किंवा गंधक सापडण्याची शक्यता विचारात घेण्याची गरज नाही. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे प्रचंड वायुसाठा सापडला आणि उत्तर समुद्राकडे पाहण्याची सगळ्यांची दृष्टी बदलली. १९६२ मध्ये अमेरिकेच्या फिलिप्स पेट्रोलियम कंपनीने नॉर्वेच्या सागरी हद्दीत शोध घेण्याच्या मोबदल्यात दरमहा १ लाख ६० हजार डॉलर देऊ केले.

माझ्या मते या संग्रहालयातली सर्वांत मोलाची गोष्ट येथून सुरू होते. तेल आहे की नाही हेच माहीत नसताना, आणि समोर रोख रक्कम दिसत असताना, नॉर्वेने संपूर्ण समुद्र एका कंपनीच्या हाती दिला नाही. ३१ मे १९६३ रोजी सरकारने आपल्या खंडमंचावरील सार्वभौमत्व जाहीर केले. १९६५ मध्ये ब्रिटनशी समुद्राची हद्द ठरवणारा मध्यरेषेचा करार केला आणि त्याच वर्षी समुद्राचे चौकोन पाडून निरनिराळ्या कंपन्यांना एकूण ७८ चौकोनांसाठी २२ परवाने दिले. १९६६ च्या उन्हाळ्यात ओशन ट्रॅव्हलर या रिगने पहिली विहीर खोदली; ती कोरडी निघाली. त्यानंतरच्या कित्येक विहिरींमध्येही विकण्याजोगे काही हाती लागले नाही. फिलिप्स तर गाशा गुंडाळण्याच्या बेतात होती, पण रिगचे भाडे कराराप्रमाणे भरावेच लागणार असल्यामुळे आणखी एक विहीर घेतली गेली. १९६९ च्या शरद ऋतूत ओशन व्हायकिंग या रिगला एकोफिस्कचे तेल लागले, आणि त्या वर्षीच्या नाताळच्या तोंडावर, २३ डिसेंबरला, हा साठा किती मोठा आहे ते सरकारला कळवण्यात आले. १५ जून १९७१ रोजी तेथे उत्पादन सुरू झाले.

या कथेतील एक व्यक्ती भारतीय वाचकाने लक्षात ठेवावी अशी आहे. फारूक अल-कासिम हे इराकी भूगर्भशास्त्रज्ञ १९६८ मध्ये आजारी मुलाच्या उपचारांसाठी आपल्या नॉर्वेजियन पत्नीसह नॉर्वेत आले. नोकरीच्या शोधात ते ओस्लोत उद्योग खात्यात चौकशीला गेले आणि विहिरींच्या नोंदींचा अर्थ लावणारा माणूस तेव्हा खात्याला हवाच होता. तेल सरकारच्या ताब्यात राहावे, देखरेख करणारी संस्था आणि व्यापार करणारी कंपनी वेगवेगळ्या असाव्यात, ही व्यवस्था घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. तेलाने श्रीमंत झालेल्या आणि तरीही सामान्य माणसापर्यंत त्याचा लाभ न पोहोचलेल्या प्रदेशातून आलेल्या माणसाने दुसऱ्या देशाला हे शिकवावे, याचा विचार तेथे उभे राहून जरूर करावा.

तेलाच्या पैशाविषयी संग्रहालय काय सांगते?

थोडक्यात सांगायचे तर, नॉर्वेने तेल कंपन्यांच्या नफ्यावर एकूण ७८ टक्के कर ठेवला आणि १९९० च्या कायद्याने एक निधी निर्माण केला, ज्यात पहिली रक्कम १९९६ मध्ये जमा झाली. हा पैसा देशाबाहेर गुंतवला जातो. सरकारने दरवर्षी त्यातून साधारण अपेक्षित परताव्याएवढेच काढावे असा नियम २००१ मध्ये झाला. ते प्रमाण आधी ४ टक्के होते आणि २०१७ पासून ३ टक्के आहे. तेल संपणारे आहे आणि ते पुढच्या पिढ्यांचेही आहे, हा त्यामागचा विचार. आकड्यांचा कंटाळा असणाऱ्यांनीही हे फलक वाचावेत.

अलेक्झांडर कीलँड दुर्घटनेचे दालन मन विचलित करणारे आहे असे ऐकले. ते पाहावे का?

पाहावे, हातात वेळ कमी असेल तर बाकीचे सोडून पाहावे.

अलेक्झांडर एल. कीलँड हे नाव स्टाव्हांगरच्याच एका प्रसिद्ध लेखकाचे. त्यांच्या नावाची ही पाच खांबांची तरंगती रिग फ्रान्समध्ये बांधली गेली आणि १९७६ मध्ये ताब्यात आली. तिचा उपयोग विहिरी खोदण्यासाठी न होता शेजारच्या एड्डा प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्यांच्या निवासासाठी होत होता. २७ मार्च १९८० च्या संध्याकाळी वादळी वारे सुटले होते आणि समुद्र खवळलेला होता. पाळी संपवून आलेली माणसे जेवणघरात आणि चित्रपटाच्या खोलीत बसली होती. साडेसहाच्या सुमारास पाच खांबांपैकी एक तुटून निघाला, रिग एकदम कलली आणि जेमतेम वीस मिनिटांत पूर्ण उलटली. रिगवर २१२ माणसे होती. त्यांपैकी १२३ मरण पावली आणि ८९ वाचली.

चौकशीत जे निष्पन्न झाले ते प्रत्येक अभियांत्रिकी विद्यार्थ्याने डोळ्यांनी पाहावे असे आहे. खांबांना जोडणाऱ्या आडव्या नळ्यांपैकी एकीला हायड्रोफोन (पाण्याखालचा आवाज टिपणारे यंत्र) बसवण्यासाठी एक लहानशी बैठक वेल्डिंगने जोडली होती. ती बैठक रचनेच्या बळकटीच्या दृष्टीने कोणी महत्त्वाची मानली नव्हती. त्या वेल्डिंगमध्ये सुरुवातीपासूनच तडा होता. लाटांच्या प्रत्येक हेलकाव्यागणिक तो वाढत गेला, शेवटी ती नळी तुटली, मग तिच्यावरचा भार इतर नळ्यांवर पडून त्याही तुटल्या आणि खांब सुटला. त्या तुटलेल्या नळीचा भाग संग्रहालयात ठेवलेला आहे. तो पाहताना घाई करू नये. एवढ्या जाड पोलादाचा शेवट इतक्या क्षुल्लक वाटणाऱ्या जोडापासून झाला, हे वाचून जेवढे समजते त्याहून पाहून कितीतरी अधिक समजते.

दुसरा धडा जीवरक्षक नौकांचा आहे. नौका होत्या, जागाही पुरेशी होती, पण तारेवर ताण असताना सुटू न शकणाऱ्या हुकांमुळे आणि रिगच्या कलण्यामुळे बहुतेक नौका उपयोगी पडल्या नाहीत. त्यानंतर नौका सोडण्याच्या यंत्रणा, बचावपोशाख आणि समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाचे सुरक्षा प्रशिक्षण यांबाबतचे नियम कडक झाले. संग्रहालयात इतरत्र ठेवलेली बचावसाधने या दालनानंतर पाहिली, तर त्यांकडे पाहण्याची नजर बदलते.

ही दुर्घटना नॉर्वेत अजूनही संपलेली नाही. उलटलेली रिग १९८३ मध्ये सरळ करण्यात आली, आत अडकलेल्या मृतदेहांचा शोध घेतला गेला आणि नंतर तिला एका फ्योर्डमध्ये (जमिनीत आत शिरलेल्या खोल, अरुंद खाडीत) बुडवण्यात आले. वाचलेल्यांच्या आणि मृतांच्या कुटुंबीयांच्या अनेक प्रश्नांना उत्तरे मिळाली नाहीत. २०२१ मध्ये, म्हणजे ४१ वर्षांनी, तेथील महालेखापरीक्षकांनी या प्रकरणात सरकारी यंत्रणेने त्या कुटुंबांची पुरेशी काळजी घेतली नाही असा ठपका ठेवला. शहराच्या पश्चिमेला क्व्हेर्नेविक येथे समुद्राकाठी ‘तुटलेली साखळी’ हे १९८६ चे स्मारक आहे. शक्य असेल त्याने तेथेही जावे.

लहान मुले बरोबर असतील तर या दालनात आपण आधी एकट्याने डोकावून यावे आणि मग ठरवावे. दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना समजावून सांगत दाखवण्यास हरकत नाही असे मला वाटते.

पाणबुड्यांविषयीच्या, म्हणजे पाण्याखाली उतरून काम करणाऱ्या माणसांविषयीच्या, भागात काय आहे?

सुरुवातीच्या काळात समुद्रतळावरचे जोडकाम, पाइपलाइनची दुरुस्ती आणि झडपांची तपासणी माणसे स्वतः खाली उतरून करत. १०० मीटर खोलीवर दाब हवेच्या साध्या दाबाच्या सुमारे अकरापट असतो. प्रत्येक वेळी वर येऊन पुन्हा दाब कमी करण्यात दिवस जाऊ नयेत म्हणून पाणबुड्यांना जहाजावरच्या दाबकक्षात कित्येक दिवस, काही वेळा आठवडे, त्याच दाबाखाली ठेवले जाई. तेथून डायव्हिंग बेलमधून (खाली सोडल्या जाणाऱ्या दाबबंद कोठडीतून) ते कामावर उतरत आणि कामानंतर त्याच कक्षात परतत. ते हेलियममिश्रित हवा घेत असल्यामुळे त्यांचा आवाजही चिरका होई. येथे मांडलेली बेल बाहेरून पाहिली तरी तीत माणसे कशी मावत असतील हा प्रश्न पडतो.

यांपैकी कित्येकांना पुढे मेंदूचे, फुफ्फुसांचे आणि मनाचे आजार जडले. दीर्घ लढ्यानंतर नॉर्वेच्या शासनाने त्यांना भरपाई दिली, आणि २०१३ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने निकाल दिला की, दाब किती वेळात कमी करायचा हे ठरवणाऱ्या तक्त्यांतील धोक्याविषयीची आवश्यक माहिती या पाणबुड्यांपर्यंत पोहोचेल याची काळजी नॉर्वेने घेतली नव्हती. ज्या देशाचे आपण एरवी कौतुक करतो त्याच्या इतिहासातला हा भाग आहे, आणि तोही मुद्दाम वाचावा.

मुंबई हायशी तुलना करायची झाल्यास काय लक्षात ठेवावे?

महाराष्ट्रातून जाणाऱ्याला हे संग्रहालय दुहेरी अर्थाने आपले वाटू शकते. सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने १९६० च्या दशकात खंबातच्या आखातालगतच्या समुद्राची भूकंपीय पाहणी झाली. जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या जॅक-अप रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या वायव्येस सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले आणि २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. म्हणजे एकोफिस्क आणि मुंबई हाय यांच्या उत्पादनारंभात अवघ्या पाच वर्षांचे अंतर आहे. ‘सागर सम्राट’चे चित्र आपल्या एक रुपयाच्या नोटेच्या मागच्या बाजूला छापलेले आहे, अशी नोट घरात असेल तर ती बरोबर न्यावी आणि जॅक-अप रिगच्या प्रतिकृतीशेजारी धरून मुलांना दाखवावी.

फरक समुद्राचा आहे. मुंबई हाय येथे पाणी सुमारे ७५ मीटर खोल आहे, म्हणून पोलादी पायांचे प्लॅटफॉर्म पुरले. नॉर्वेला उत्तरेकडे सरकत सरकत खूप खोल पाण्यात जावे लागले आणि त्यातून काँक्रीटचे महाकाय प्लॅटफॉर्म जन्माला आले. ट्रोल ए या प्लॅटफॉर्मची उंची ४७२ मीटर असून तो सुमारे ३०० मीटर खोल पाण्यात उभा आहे. १९९५ मध्ये तो पूर्ण उभ्या स्थितीत समुद्रातून ओढत नेला गेला. अशा प्लॅटफॉर्मचे काँक्रीटचे काम स्टाव्हांगरजवळच्याच फ्योर्डमध्ये चाले. त्याच फ्योर्डमध्ये २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लाइप्नर ए या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणीच्या वेळी भिंत फुटून बुडाला. गणितात एका जोडावरचा भार कमी धरला गेला होता. प्रतिकृतींपाशी उभे राहून माणसाची आकृती कुठे आहे ते आधी शोधावे. तेव्हा कुठे मोजमाप डोक्यात शिरते.

साम्य माणसांचे आहे. जुहूहून हेलिकॉप्टरने चौदा दिवसांसाठी समुद्रावर जाणारी माणसे आणि सोला विमानतळावरून दोन आठवड्यांसाठी निघणारी माणसे यांची घरे सारखीच वाट पाहतात. २७ जुलै २००५ रोजी, म्हणजे मुंबईच्या महापुराच्या दुसऱ्याच दिवशी, ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज मुंबई हाय नॉर्थ येथील प्लॅटफॉर्मच्या वायुवाहिनीवर आदळले, आग लागली, काही तासांत प्लॅटफॉर्म नष्ट झाला आणि २२ जणांचा बळी गेला. आदल्या दिवशीच्या पावसाच्या बातम्यांत ही बातमी बरीचशी वाहून गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ ही तराफा-नौका आणि वरप्रदा ही टगबोट बुडून ७० हून अधिक कामगार गेले. कीलँडच्या दालनात उभे असताना मराठी माणसाला या दोन तारखा आठवल्याशिवाय राहू नयेत, असे मला मनापासून वाटते. उरणपासून अलिबागपर्यंतच्या किनाऱ्यावर असंख्य घरांचा संसार या उद्योगावर चालला आहे. त्या माणसांच्या आठवणी, त्यांचे कामाचे कपडे, त्यांच्या हातची अवजारे आणि या अपघातांच्या नोंदी एकत्र पाहता येतील अशी एक जागा आपल्या किनाऱ्यावरही असावी.

घरात कोणी समुद्रावर नोकरी करून निवृत्त झालेले असतील, तर त्यांना आवर्जून बरोबर न्यावे आणि माहिती सांगण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे. ड्रिल बिट, पाइपांचे जोड, झडपा यांविषयी फलकावर जे लिहिलेले नसते ते त्यांना ठाऊक असते.

मुलांना कंटाळा येईल का?

सहसा येत नाही. हाताळता येतील अशा वस्तू, सुटकेसाठीची घसरंडी आणि प्लॅटफॉर्मच्या प्रतिकृती यांत मुले रमतात. संग्रहालयाच्या बाहेरच ‘जिओपार्क’ हे खेळण्याचे मैदान आहे. समुद्रावरील उद्योगातून बाद झालेले पाइप, बोये आणि इतर भाग वापरून २००८ मध्ये तो तयार करण्यात आला आणि त्याचे चढउतार ट्रोल या तेल-वायूक्षेत्राच्या भूस्तरांवरून घेतलेले आहेत. तेथे खेळायला पैसे पडत नाहीत. आधी संग्रहालय आणि मग जिओपार्क हाच क्रम ठेवावा, कारण उलट केल्यास मुले आत यायला तयार होत नाहीत.

येथे खऱ्या रिगवर चढता येते का?

नाही. येथे खरी यंत्रे, सुटे भाग आणि प्रतिकृती आहेत, पण पूर्ण रिग नाही. ज्यांना ते हवे असेल त्यांच्यासाठी अमेरिकेत टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे ‘ओशन स्टार’ आहे. ती १९६९ मध्ये बांधलेली, मेक्सिकोच्या आखातात काम केलेली निवृत्त जॅक-अप रिग असून १९९७ पासून संग्रहालय म्हणून खुली आहे. ह्यूस्टन परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ती एका दिवसात सहज पाहता येते. यंत्र पाहायचे असेल तर गॅल्व्हेस्टन उत्तम. मात्र यंत्रामागचा समाज आणि राज्यव्यवस्था समजून घ्यायची असेल, तर स्टाव्हांगरला तोड नाही.

हे संग्रहालय तेल उद्योगाची जाहिरात करते का? हवामान बदलाविषयी काही सांगते का?

संग्रहालयाला उद्योगाचा आणि शासनाचा आधार आहे, हे पाहणाऱ्याने लक्षात ठेवावे. तरीही अपघात, पाणबुड्यांचे हाल आणि हवामानाचा प्रश्न यांना येथे जागा मिळालेली आहे. नॉर्वे आपली बहुतेक वीज पाण्यापासून तयार करतो, रस्त्यांवर विजेच्या गाड्या आणतो, १९९१ पासून कार्बन डायऑक्साइडवर कर आकारतो, आणि त्याच वेळी तेल-वायू परदेशी विकतो. १९९६ पासून स्लाइप्नर क्षेत्रात वायूतून वेगळा केलेला कार्बन डायऑक्साइड, सुरुवातीच्या काळात वर्षाला साधारण १० लाख टन, समुद्रतळाखालच्या खडकात परत पुरला जातो. हा विरोधाभास संग्रहालय सोडवून देत नाही. तो समोर मांडते, आणि माझ्या दृष्टीने तेवढे प्रामाणिकपण पुरेसे आहे.

फलक कोणत्या भाषेत आहेत, आणि एकूण किती वेळ ठेवावा?

माहिती नॉर्वेजियन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहे. घाईत तासाभरात फेरी होते, पण अडीच-तीन तास ठेवावेत. वडीलधाऱ्यांना इंग्रजी वाचणे जड जात असेल तर तरुणांनी प्रत्येक दालनात एक-दोन फलक निवडून मराठीत वाचून दाखवावेत. सगळेच वाचण्याचा हट्ट धरू नये.

तेथे कसे पोहोचावे, आणि खर्चाचे काय?

भारतीय पारपत्रधारकांना नॉर्वेसाठी शेंगेन व्हिसा लागतो. स्टाव्हांगरचा सोला विमानतळ शहरापासून सुमारे १४ किलोमीटरवर आहे आणि तेथून बस मिळते. ओस्लोहून दक्षिण नॉर्वेतून येणाऱ्या रेल्वेला साधारण आठ तास लागतात. दिवसाची गाडी घेतल्यास प्रवास सुंदर होतो. बर्गेनहून बसने येताना वाटेत बस फेरीबोटीवर चढते. रेल्वे स्थानकापासून संग्रहालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

नॉर्वे महाग आहे. तिकिटाचे दर आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, उन्हाळ्यात संग्रहालय अधिक वेळ उघडे असते, म्हणून निघण्यापूर्वी त्यांचे अधिकृत संकेतस्थळ पाहावे. विद्यार्थ्यांनी ओळखपत्र जवळ ठेवावे. सगळीकडे कार्ड चालते, रोख रकमेची गरज क्वचितच पडते. शाकाहारी मंडळींनी बंदराजवळच्या किराणा दुकानातून फळे, पाव आणि दही घेऊन ठेवले तर दिवस स्वस्तात निभावतो.

त्याच दिवशी आणखी काय पाहता येईल?

पावसाचा दिवस असेल, आणि स्टाव्हांगरला तो बऱ्याचदा असतो, तर जुन्या स्टाव्हांगरमधील डबाबंद मासळीचे संग्रहालय पाहावे. तेलापूर्वीचे गाव कसे जगत होते हे तेथे समजते आणि दोन्ही मिळून चित्र पूर्ण होते. त्या भागातली पांढरी लाकडी घरे आणि बाराव्या शतकातले कॅथेड्रल पायीच पाहता येते. आकाश निरभ्र असेल तर ६०४ मीटर उंचीच्या प्रेकेस्तोलेन कड्यासाठी मात्र वेगळा दिवस राखून ठेवावा. संग्रहालय आणि कडा एका दिवसात उरकू नये.

कोणता काळ टाळावा?

दर सम वर्षी ऑगस्टच्या अखेरीस स्टाव्हांगरमध्ये ओएनएस हे ऊर्जा क्षेत्राचे मोठे संमेलन आणि प्रदर्शन भरते. ते १९७४ पासून चालत आले आहे. त्या आठवड्यात हॉटेले भरून जातात आणि दर खूप वाढतात. उन्हाळ्यात प्रवासी जहाजे बंदरात लागलेली असतील तर सकाळी गर्दी होते. अशा दिवशी दुपारनंतर जावे. मे महिन्याचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर हे दोन्ही काळ सोयीचे आहेत. मे निवडल्यास १७ तारखेला नॉर्वेचा राष्ट्रीय दिन असतो. त्या दिवशी रस्ते मिरवणुकींनी भरलेले आणि बहुतेक दुकाने बंद असतात, हे लक्षात घेऊन संग्रहालयाची भेट त्याच्या आधी किंवा नंतर ठरवावी.